खांद्यावरचं बाळ



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सिस्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. चाळीसेक वर्षं झाली त्याला. जुहू कोळीवाड्यात दिवे लागत होते आणि एका घराच्या पडवीत त्या येरझाऱ्या घालत होत्या. डाव्या हातावर पालथं निजवलेलं बाळ. त्याचं डोकं त्यांच्या कोपराच्या खळीत, पाय हाताच्या दोन्ही अंगांना लोंबत होते, पोट हाताच्या उबेवर टेकलेलं. उजव्या हातानं त्या त्याची पाठ थोपटत होत्या. बाळ वीस दिवसांचं होतं. दूध पिऊन झालं की पाय पोटाशी घ्यायचं, लालबुंद व्हायचं आणि किंचाळायचं. आतल्या खोलीत त्याची आई भिंतीला टेकून मुकाट्यानं रडत होती.

मी तेव्हा नुकतीच बालरोगतज्ज्ञ झालेली. पिशवीत थेंबांची बाटली घेऊन गेले होते. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या आजीला विचारत होत्या, "मावशी, हिनं दुपारी काय खाल्लं?"

"कुठलं खातेय! पोर सोडतंय कुठं तिला?"

"मग पोर माझ्याकडे आहे तोवर तिला वाढा. आणि जरा तुम्हीही टेका."

मोरी माशाचं कालवण होतं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून कोळ्यांच्या घरात मुद्दाम करतात ते. आई जेवली. साधारण पाऊण तासानं बाळ निजलं. माझी बाटली पिशवीतच राहिली.

त्या पाऊण तासाबद्दल मला आज बोलायचं आहे. तान्ह्या बाळाचं दूध पिऊन झाल्यावर पोट दुखतं तेव्हा त्याला शांत करायचं कसं, हा माझा विषय. आयुष्यभर मी हेच काम केलं, आणि जसजसं वय वाढलं तसतसं मला वाटत गेलं की या प्रश्नाचं उत्तर औषधाच्या दुकानात फार थोडं आहे. बहुतेक उत्तर त्या पाऊण तासात आहे. तो पाऊण तास कोण देणार आणि कुठून आणणार, हे मात्र कुणी आईला विचारत नाही.

आधी दुखण्याकडे पाहू. डॉक्टर ज्याला कोलिक म्हणतात त्याची व्याख्या १९५४ साली अमेरिकेतल्या मॉरिस वेसेल या बालरोगतज्ज्ञांनी केली. एरवी नीट पिणारं, वाढणारं बाळ दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ रडत असेल तर ते कोलिक. या व्याख्येत पोटाचा उल्लेख नाही, हे लक्षात घ्या. ती फक्त रडण्याची मोजणी आहे. आठ वर्षांनी, १९६२ मध्ये, टी. बेरी ब्रेझल्टन यांनी ८० निरोगी बाळांच्या आयांना रोजच्या रडण्याची टाचणं ठेवायला सांगितली. त्यातून दिसलं ते असं: रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोचतं, आणि तिसरा महिना संपेपर्यंत ओसरतं. ही आजारी बाळं नव्हती. म्हणजे सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास रडणं ही मध्यम गोष्ट आहे. मी हा आकडा पहिलटकरणींना सांगते तेव्हा काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. तोवर त्यांना वाटत असतं की फक्त आपलंच बाळ असं रडतं, आपलंच दूध वाईट आहे, आपल्यालाच जमत नाही.

आणखी एक गोष्ट त्या टाचणांत होती. रडण्याचा जोर संध्याकाळी असतो. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. तिन्हीसांजेला बाळ किरकिरतं, तेव्हा त्याला खाली ठेवू नये, उंबऱ्याबाहेर नेऊ नये, मीठ-मोहऱ्या उतरवून टाकाव्यात, हे त्यांचं शास्त्र. कारण त्यांनी दृष्टीचं दिलं, ते मला मान्य नाही. पण पाहणं अचूक होतं. आणि दृष्ट काढताना प्रत्यक्षात काय घडायचं ते आठवा. कुणीतरी बाळाला मांडीवर घ्यायचं, दिवा जवळ यायचा, घरातल्या दोन-तीन बायका भोवती जमायच्या, आईला वाटायचं की आता काहीतरी केलं आहे. थकलेल्या घटकेला घर एकत्र यायचं. मोहऱ्या तडतडल्यानं पोट बरं होत नाही. पण आईचे हात थोडा वेळ सुटे व्हायचे.

पोटात होतं तरी काय? बाळाच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप पहिले काही महिने कच्ची असते. दूध पोटात जातं तसं थोडं वर येतं. आपण म्हणतो, बाळ गुळणी टाकतं. वजन वाढत असेल आणि बाळ हसरं असेल तर ही गुळणी धुण्याचं काम वाढवते, एवढंच. पिताना हवा गिळली जाते. बाटलीनं जास्त, आणि अंगावर पितानाही, जर बाळानं नुसती बोंडशी तोंडात धरली असेल तर. तोंड मोठं उघडून भोवतालचा काळा भागही आत गेला पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा, हनुवटी टेकलेली हवी. पिताना चुटूक चुटूक आवाज येत असेल तर हवा जाते आहे. पहिल्या आठवड्यात हे कुणी शेजारी बसून दाखवलं तर पुढचं अर्धं रडणं टळतं असा माझा अनुभव आहे.

पोट भरलं की मोठ्या आतड्याला चालना मिळते, म्हणून कितीतरी बाळं दूध पिता पिता शी करतात. त्याआधी कुंथतात, तोंड लाल करतात, दहा-वीस मिनिटं रडतात आणि मग मऊ शी होते. घरचे म्हणतात बद्धकोष्ठ झालं. ते बद्धकोष्ठ नसतं. पोटाला जोर लावताना खालचे स्नायू सैल सोडायचे असतात, ही सांगड बाळ अजून शिकत असतं. साबणाची वडी किंवा विड्याच्या पानाचं देठ खालून लावू नका. त्याला शिकू द्या.

आणि ढेकर. ढेकर काढल्याशिवाय बाळाला निजवायचं नाही, हे आपण वेदवाक्यासारखं धरतो. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत ७१ बाळांवर याचा नीट अभ्यास झाला, २०१५ मध्ये तो छापून आला. काही आयांना ढेकर काढायला शिकवलं, काहींना नाही. कोलिकमध्ये फरक पडला नाही. उलट ढेकर काढलेल्या बाळांनी दूध जास्त टाकलं. हे वाचून मी काही दिवस अस्वस्थ होते. हजारो आयांना मीच सांगत आले होते. आता मी वेगळं सांगते. पाजल्यावर बाळाला पंधरा-वीस मिनिटं उभं खांद्यावर घ्या, ते छानच आहे. ढेकर आला तर आला, नाही आला तर रात्री दोन वाजता पाठीवर थापट्या मारत बसू नका, निजा.

मग करायचं काय? सिस्टर करायच्या तेच. हातावर पालथं घेऊन चालायचं. उताणं निजवून पाय सायकल चालवल्यासारखे हलवायचे. कोमट तेलाचा हात बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवायचा, कारण मोठं आतडं त्याच दिशेनं जातं. उघड्या छातीवर उघडं बाळ घ्यायचं. कोमट पाण्यानं आंघोळ घालायची. खोलीतला दिवा मंद करायचा, पाहुण्यांना दुसऱ्या खोलीत बसवायचं. यातला एकही उपाय दर वेळी लागू पडत नाही, म्हणून हात बदलावे लागतात आणि माणूसही बदलावं लागतं. निजताना मात्र बाळ पाठीवरच. पालथं फक्त जागेपणी आणि आपल्या डोळ्यांसमोर.

१९८६ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये हन्झिकर आणि बार यांनी ९९ बाळांवर एक साधा प्रयोग केला. निम्म्या आयांनी बाळ रडत नसतानाही रोज जास्त वेळ अंगाशी घेऊन फिरायचं. सहाव्या आठवड्यात या बाळांचं रडणं ४३ टक्क्यांनी कमी होतं, संध्याकाळचं ५१ टक्क्यांनी. पुढे बार यांनीच दाखवलं की कोलिक जडलेल्या बाळांना नंतर घेऊन फिरल्यानं तेवढा गुण येत नाही. कलहारीच्या वाळवंटात दिवसभर अंगावर वागवल्या जाणाऱ्या कुंग बाळांचा अभ्यासही त्यांनी केला. तिथेही रडण्याचा चढ-उतार तसाच होता, फक्त प्रत्येक रडणं लवकर थांबायचं. म्हणजे रडणं बाळाच्या वाढीत आहे, ते कुणाच्याही मायेच्या अभावातून येत नाही; माणसाच्या अंगाची ऊब ते आखूड करते.

आता आपल्या सहाणेकडे येते. इथे बसलेल्या अनेक आजी मनातल्या मनात मला विचारत असणार, डॉक्टर गुटीबद्दल का बोलत नाहीत? हिरडा, बेहडा, मायफळ, जायफळ, वेखंड, सुंठ, हळकुंड, अतिविष, काकडशिंगी, डिकेमाली, आणि मुरडा येतो म्हणून मुरुडशेंग. आईच्या दुधात किंवा पाण्यात उगाळून प्रत्येकाचे वळसे ठरलेले: जायफळ एक, सुंठ दोन. या मोजण्यात पिढ्यांची काळजी आहे, ती मी कधी हसण्यावारी नेली नाही. पण पहिले सहा महिने बाळाच्या पोटात आईच्या दुधाखेरीज काही जाऊ नये, पाणीही नाही. सहाण आणि पाणी स्वच्छ राहत नाही, बाजारातल्या वेखंडाची ताकद कुणाला ठाऊक नसते, आणि जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नका. त्यातल्या जंतूंच्या बीजांपासून बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन स्नायू लुळे पडू शकतात. हिंग मात्र बेंबीभोवती लावायचा असेल तर कोमट पाण्यात कालवून खुशाल लावा. ओव्याची पुरचुंडी आधी आपल्या मनगटाला लावून पाहा. त्यांचा अपाय नाही, आणि लावणारा हात पाच मिनिटं पोटावर राहतो.

बाळंतिणीचं पथ्य हा माझ्या मनाला लागलेला विषय आहे. वाल नको, चवळी नको, बटाटा नको, कोबी नको, बाळाला गॅस होईल. वालातला चोथा आईच्या आतड्यात आंबतो आणि तिथे वायू होतो. तो चोथा रक्तात उतरत नाही, दुधात तर नाहीच. थोड्या बाळांना आईनं घेतलेल्या गाईच्या दुधातली प्रथिनं सोसत नाहीत, पण त्याची खूण वेगळी असते: शीमध्ये रक्त, अंगावर चट्टे, वजन अडणं. एरवी त्या मुलीला पोटभर जेवू द्या. पोर रडलं की आईच्या ताटातला एक पदार्थ कमी, असं करत करत भात-तूप-मेतकुटावर आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

जेवणानंतर बाळंतीण चघळते त्या बाळंतशेपा तुम्हाला ठाऊक आहेत. शेपूचं बी. त्याच बियांचं तेल ग्राइप वॉटरमध्ये असतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्यानं १८५१ मध्ये ते बनवलं. शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि मद्यार्क. बाळं शांत व्हायची याचं नवल नाही. पुढे मद्यार्क काढला गेला. आज आपल्या घरांत जे मिळतं त्याच्या गुणाचा भक्कम पुरावा नाही, गोडीनं क्षणभर रडणं थांबतं. माझ्या त्या पिशवीतल्या बाटलीबद्दलही सांगितलं पाहिजे. त्या थेंबांत पोटाचे स्नायू सैल करणारं डायसायक्लोमीन होतं. तान्ह्या बाळांचा श्वास अडखळल्याच्या नोंदी पुढे आल्या आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते द्यायचं नाही असं ठरलं. मी ते लिहून देत होते. त्या संध्याकाळी ते बाळ माझ्या हाती आधी आलं असतं तर त्यालाही दिलं असतं.

शांत झालेलं बाळ आणि गप्प केलेलं बाळ यात फरक असतो. हा फरक या मुंबईला फार महागात पडलेला आहे, म्हणून शंभर वर्षं मागे जाते.

गिरणगावात त्या काळी बाळागोळी मिळायची. बाजरीच्या दाण्यासारखी छोटी, आत अफू. गिरणीत दहा तासांची पाळी, घरी तान्हं मूल, सांभाळायला फार तर पाच-सहा वर्षांची मोठी बहीण. सकाळी कामावर जाताना आई बाळाला गोळी द्यायची, बाळ दिवसभर निजायचं. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारनं डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांकडून गिरणीतल्या बायकांची पाहणी करवून घेतली. कामगार बायकांच्या बाळांपैकी ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते असं त्यांनी नोंदवलं. ९८. हा आकडा मी विद्यार्थिदशेत वाचला तेव्हा मला त्या आयांचा राग आला होता. पुढे स्वतःचं मूल झालं, रात्रपाळ्या केल्या, आणि राग गेला. त्या बाईजवळ दूध होतं, माया होती, वेळ नव्हता. वेळ गिरणीनं विकत घेतला होता आणि त्याच्या जागी तिला एक गोळी मिळत होती. बाळाचं पोट दुखो, भूक लागो, कपडे ओले होवोत, उपाय एकच. अफूनं आतडं मंदावतं, भूक मरते, श्वास मंद होतो. काही बाळं उठलीच नाहीत.

हे थांबलं कसं, ते पाहण्यासारखं आहे. नुसती अफू वाईट म्हणून थांबलं नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात रा. सा. आसवले यांनी गिरणी कामगार बायकांना बाळंतपणाचा भत्ता आणि रजा देण्याचं विधेयक आणलं. मालकांचा विरोध होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या सभागृहात सदस्य होते, त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनंही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला, देशातला असा पहिला. त्याच वर्षी नेमलेल्या व्हिटली कामगार आयोगानं अफूच्या प्रकाराची दखल घेऊन कारखान्यांत पाळणाघरांची शिफारस केली. मी बालरोगशास्त्राची विद्यार्थिनी, पण कोलिकवरचा सर्वांत मोठा उपचार कोणता असं कुणी विचारलं तर मी १९२९ चा तो कायदा सांगते. त्यानं आईला काही आठवडे बाळ खांद्यावर घेण्याची मुभा दिली.

ही मुभा सगळीकडे पोचली नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या, रडणाऱ्या, धापणाऱ्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची रीत आहे, डंबा म्हणतात तिला. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावात २२ दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर असे ६५ चटके दिले गेले. बातमी वाचून शहरातली माणसं हळहळली, अडाणीपणा म्हणाली. मला त्या घराच्या आजूबाजूची रात्र दिसत होती. दवाखाना दूर, वाहन नाही, बाळ तडफडतंय, आणि ज्याच्यावर भरवसा आहे असं एकच माणूस हाकेच्या अंतरावर, त्याच्या हातात विळा. हाकेच्या अंतरावर दुसरं शिकलेलं माणूस असेल तर काय होतं, हे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवलं. त्यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळाला पाहायच्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्यातूनच पुढे आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. बेचाळिसावा म्हणजे सहावा आठवडा पूर्ण. रडण्याचं शिखर याच सुमाराला येतं.

सिस्टरांनी बाळ हातावर घेण्याआधी काय केलं होतं ते मला नंतर कळलं. त्यांनी बाळाला पूर्ण उघडं करून पाहिलं होतं. अंग गरम आहे का, पोट दाबल्यावर मऊ आहे का, जांघेत फुगवटा आहे का, हातापायाच्या बोटाला केस गुंडाळला गेला आहे का. लंगोट किती ओले होतात ते विचारलं होतं. दिवसाला सहापेक्षा कमी असतील तर दूध कमी पडतंय. उलटीचा रंग विचारला होता. हिरवी उलटी झाली तर एक मिनिट थांबायचं नाही, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. शीमध्ये रक्त, तीन महिन्यांच्या आत ताप, प्रत्येक दुधानंतर लांब फेकली जाणारी उलटी, दूध तोडणं, रडण्याचं त्राणही नसणं, यातलं काहीही असेल तर हिंग नको, गुटी नको, खांदाही नको. कूपरला किंवा जवळच्या रुग्णालयात जा. रात्री जा. डॉक्टर ओरडले तरी जा.

आणि एक सांगते, विशेषतः इथल्या तरुण बापांना. तासभर रडणारं बाळ हातात असताना माणसाच्या मनात भलते विचार येतात. ते सगळ्यांच्या येतात. अशा वेळी बाळाला गदागदा हलवू नका. त्याच्या मेंदूत रक्तस्राव होतो, दृष्टी जाते, जीव जातो. त्याला पाठीवर, सुरक्षित जागी निजवा, दार लोटा आणि पाच मिनिटं बाहेर उभे राहा. रडण्यानं त्याला काही होणार नाही. मग दुसऱ्या कुणाला तरी हाक मारा. बाळाची आई सतत रडत असेल, बाळ निजलं तरी तिला झोप येत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत. तिला एकटीला सोडू नका.

शेवटी आपल्या जुहूबद्दल. इथल्या बंगल्यांत आणि उंच इमारतींत बाळ जन्मलं की चाळीस दिवस जापा करणारी बाई येते. ती बाळाला मालीश करते, पायांवर निजवून आंघोळ घालते, रात्री पोट दुखलं की हातावर पालथं घेऊन गॅलरीत फिरवते, म्हणजे आई झोपते. मी या बायकांकडून खूप शिकले. बाळाचं रडणं भुकेचं की पोटाचं हे त्या दाराबाहेरून सांगतात. त्यांतल्या कितीतरी नेहरू नगरातल्या, कोणी गावाकडून आलेल्या. २०१७ पासून कायद्यानं नोकरदार आईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर आहे. तान्हं सांभाळणं हाच जिचा धंदा, तिला स्वतःच्या बाळंतपणात यातलं काही मिळत नाही. २००८ मध्ये महाराष्ट्रानं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण नोंदणीच नसेल तर तो दारापर्यंत पोचत नाही.

माझ्याकडे एकदा अशीच एक जापा करणारी बाई स्वतःचं बाळ घेऊन आली. महिन्याचं होतं. चौथ्या आठवड्यातच ती दुसऱ्याच्या घरी रात्रपाळीला जाऊ लागली होती. तिचं बाळ तिच्या सासूकडे, बाटलीवर, पोट फुगलेलं, रात्रभर ओरडणारं. तिनं मला थेंब मागितले. मी तिला म्हटलं, तू रात्री जे करतेस तेच तुझ्या बाळाला हवं आहे. ती म्हणाली, "डॉक्टर, ते मला माहीत आहे." त्यापुढे मला बोलता आलं नाही. ज्या घरी ती जात होती तिथल्या आईशी मी बोलले. तिनं दोन गोष्टी केल्या: महिनाभर भरपगारी सुट्टी दिली, आणि नंतर बाळ सोबत आणायला सांगितलं. मंडळाची नोंदणीही तिनंच करून दिली. इथे बसलेल्या ज्यांच्या घरी अशी बाई येते, त्यांनी आज घरी जाऊन तिला तिच्या मुलांबद्दल विचारावं, आणि तिची नोंदणी झाली आहे का तेही.

कोळीवाड्यातल्या त्या बाळाकडे मी आणि सिस्टर पुन्हा गेलो तेव्हा ते तीन महिन्यांचं झालं होतं. रडणं बंद झालं होतं. आजी म्हणाली, एकवीरेला नवस बोलले होते. बाप म्हणाला, मी रोज किनाऱ्यावर फिरवून आणायचो, समुद्राच्या आवाजानं गप्प व्हायचा. आई काही बोलली नाही, ती मासळीच्या पाट्या धूत होती. सिस्टरांनी कुणालाच खोडून काढलं नाही. बाळाला झोळीत टाकून काटा लावला आणि वही उघडली. वहीत वजनाचा रकाना होता, लसीचा होता. वजन त्यांनी लिहिलं: ५ किलो २००. मग रकान्यांच्या बाहेर, समासात, पेन्सिलीनं लिहिलं: आई जेवते.